तेल पाजलेली तुळई

भूत फक्त मेलेल्या माणसाचंच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी अलीमियाँ मिस्त्रीला बघायला हवं होतं. त्याला जिनं झपाटलं ती बाई चांगली धडधाकट होती. दुबईत जुमेराच्या समुद्रकाठी स्वतः मोटार चालवत फिरायची, आणि दर जुम्म्याला अलीमियाँ कामाला गेला की स्वतःच्या हातानं लिंबूपाणी करून त्याच्यासमोर ठेवायची. तो ते प्यायचा. कसं प्यायचा, ते त्याचं त्याला ठाऊक.

अलीमियाँ बाणकोटच्या खाडीकाठचा. गलबतं बांधणारं घराणं, बापानं बांधलेली गलबतं बसऱ्यापर्यंत जाऊन आलेली. पंचावन्न साली तो दुबईला आला आणि खाडीच्या देरा बाजूला गलबतांच्या कारखान्यात लागला. माणूस अबोल, पण हात असा की अरब नाखवे नवं गलबत घालताना त्याचं नाव घेऊन यायचे. त्याची बायको अन्वरी गावाकडेच होती. तिचा धाकटा भाऊ तय्यब मात्र बासष्टमध्ये मागोमाग आला. त्याला इंग्रजी फाडफाड यायचं, म्हणून तो एका अमेरिकन तेल कंपनीच्या ऑफिसात क्लार्क झाला. साहेब लोकांच्या बायकांना काही हवं-नको झालं की तय्यबला हाक.

सदुसष्टच्या ऑक्टोबरात हा तय्यब कारखान्यात एक कागद घेऊन आला. "दुल्हाभाई, आमच्या इंजिनिअर साहेबांच्या मॅडमना एक तुळई हवी आहे. लांबी पाच मीटर, रुंदी चार बोटं, आणि चार फूट उंच पायांवर उभी करायची. रंग नको, पॉलिश नको. साइज एकदम परफेक्ट पाहिजे हां."

"ह्यावर ठेवायचं काय?"

"मॅडम स्वतः चढणार."

अलीमियाँला वाटलं पोरगा टिंगल करतोय. पण टिंगल नव्हती. लोरेन मॅडम म्हणजे साधीसुधी बाई नव्हे, अमेरिकेची जिम्नॅस्ट, सबंध देशात दोनदा पहिली आलेली. ओहायोतल्या एका दूधवाल्याची ही मुलगी. सातव्या वर्षी गोठ्याच्या कुंपणावरून चालायला लागली आणि सतराव्या वर्षी चॅम्पियन झाली. लाकडावरची कसरत ही तिची खासियत. लोक तिकीट काढून बघायला यायचे. हे सगळं तय्यबनं एका दमात सांगितलं, जसा काही तोच तिला शिकवायला होता.

मलबारी सागाची एक सरळसोट फळी अलीमियाँनं दोन वर्षं बाजूला ठेवली होती. ती त्यानं काढली. लोकांना वाटतं गलबताच्या सुताराला सगळं वाकडंच येतं, पण अहो, गलबताचा तळकणा, म्हणजे तळातला मुख्य वासा, सरळ नसेल तर सगळं मुसळ केरात. ती तुळई त्यानं तळकण्यासारखी घडवली. रंधा मारून मारून अशी केली की हात ठेवला तर उचलावासा वाटू नये. कडा जरा गोल केल्या, पाय रुतवले, आणि कंपनीच्या बंगल्यामागच्या रिकाम्या गोदामात नेऊन उभी केली.

एक गोष्ट मात्र त्याच्या जिवाला लागून राहिली. त्यांच्या धंद्यात लाकूड पुरं झालं की त्याला तेल पाजतात. मुशी माशाच्या काळजाचं तेल, उग्र वासाचं, गरम करून चिंधीनं लाकडात मुरवायचं. ते काही रंग नव्हे की पॉलिश नव्हे, ते लाकडाचं खाणं. तेल न पाजता लाकूड हातावेगळं करणं म्हणजे लेकराला उपाशी झोपवणं, असं त्याचा बाप म्हणायचा. मॅडमनं कोऱ्या लाकडावर तळहात फिरवला, खूश होऊन मान हलवली, आणि अलीमियाँ तेलाचा विषय मनातच ठेवून परत आला.

दर जुम्म्याला कारखान्याला सुट्टी. नमाज झाली की तो जुमेराला जायचा. बंगल्यात काही ना काही काम निघायचंच, दार घासतंय, फडताळ ठोकायचंय. आणि काम झालं की गोदामाच्या दाराशी जरा उभा राहायचा. आधी त्याला भारी लाज वाटली. परक्या बाईचे उघडे पाय बघणं म्हणजे तोबा तोबा. म्हणून त्यानं नजर आपल्या तुळईवर ठेवली. पण करणार काय, तुळईवर तेच पाय होते. हाताला, पायाला खडूसारखी पांढरी पूड चोळून ती वर चढायची, चालायची, उडी मारायची, आणि लाकूड ठप ठप वाजायचं. चार बोटं रुंदीवर एवढं सगळं. गलबताच्या फळीवर जन्म काढलेल्या माणसालासुद्धा त्यात काय आहे ते कळलं.

एक कोलांटी मात्र ती करायची नाही. मागच्या मागे जाऊन हातांवर उलटायचं आणि पुन्हा पाय लाकडावर टेकवायचे, अशी ती होती. त्या जागी आली की थांबायची. तय्यबनं कारण काढलं. तीन वर्षांपूर्वी भरल्या हॉलमध्ये तिचा ह्याच कोलांटीत पाय चुकला आणि ती पडली. हाड मोडलं नव्हतं, पण भीती बसली ती बसलीच. मग लग्न केलं, नवऱ्याबरोबर वाळवंटात आली, विषय संपला असं तिला वाटलं होतं. पण तिच्या जुन्या कोचचं पत्र आलं होतं. पुढच्या वर्षी मेक्सिकोला ऑलिंपिक. संघाची निवड चाचणी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी. ये आणि एकदा करून दाखव, असं त्यानं लिहिलं होतं. तिचं वय चोवीस. ह्यापुढे कोणी बोलावणार नव्हतं.

डिसेंबरात एका जुम्म्याला अलीमियाँ दाराची बिजागरी बसवत होता. ठप, ठप, मग क्षणभर काही नाही, आणि पुन्हा ठप. त्यानं वळून बघितलं तर मॅडम तुळईवर उभी, हात वर, चेहरा लालबुंद. कोलांटी झाली होती. तिनं खाली उडी मारली, तडक त्याच्याकडे आली आणि त्याचा हात धरून जोरानं हलवला. "थँक यू, मिस्त्री." त्याच्या तळहाताला पांढरी पूड लागली. संध्याकाळपर्यंत त्यानं ती धुतली नाही, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, पण मी सांगतो.

आता ह्यापुढचं सांगताना माझाच जीव वरखाली होतो.

जानेवारीत कोरडं वारं सुटलं आणि तुळईला केसाएवढी चीर गेली. मॅडम नवऱ्याबरोबर आठ दिवस बहारीनला निघाली होती. जाताना तय्यबला म्हणाली, मिस्त्रीला सांग, बघून घे. अलीमियाँनं चिरेत कापूस आणि राळ ठोसली, रंधा मारला, बोटानं तपासली. मग त्याला वाटलं, चीर का गेली? लाकूड उपाशी म्हणून गेली. आपणच ते उपाशी ठेवलं. मॅडमची एवढी मोठी चाचणी, आणि तिच्या पायाखाली उपाशी लाकूड? त्यानं कारखान्यातून तेल आणलं, गरम केलं, आणि दोन हात पाजलं. मायेनं पाजलं हो. चिंधीनं पुसलं, तीन दिवस उन्हात तापू दिलं. वरून अगदी कोरडं ठणठणीत दिसत होतं. वास थोडा होता, पण समुद्रकाठी माशाचा वास कोणाला वेगळा येतो?

मॅडम परतली त्या जुम्म्याला हवा दमट होती. दमट हवेत आणि माणसाच्या उबेत तेल वर येतं, हे गलबतावर कोणाला खटकत नाही, कारण गलबतावर कोणी कोलांट्या मारत नाही. अलीमियाँ आणि तय्यब दाराशीच होते. तिनं नाक जरासं आक्रसलं, हसली, वर चढली. चार पावलं. मग मागे झुकली.

ठप झालंच नाही. नुसती एक सर्रकन घसर, मग बरगड्या लाकडाच्या कडेवर आपटल्याचा आवाज, मग फरशी.

तय्यब धावला, गडी धावले, साहेबांची गाडी आली, तिला हॉस्पिटलात नेलं. अलीमियाँ जागचा हलला नाही. तो तुळईकडे बघत होता. जिथं तिचा पाय टेकला होता तिथं पांढरी पूड भिजून पिवळट लगदा झाली होती, आणि तो लगदा वीतभर फरफटत गेला होता. त्यानं बोट लावलं. बोट घसरलं.

आणि मग त्यानं जे केलं, ते तेलापेक्षा वाईट. गोदामात तो एकटा राहिला होता. त्यानं पिशवीतून रंधा काढला आणि तुळईची वरची बाजू पार पांढरी होईपर्यंत तासली. मग चुना लावून तेलकटपणा ओढून घेतला. सगळा भुसा गोळा केला आणि समुद्रात नेऊन टाकला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. हात आपोआप चालले.

मॅडमचं नशीब, हाड मोडलं नव्हतं. मुका मार आणि मनगट मुरगळलेलं. डॉक्टर म्हणाला, तीन आठवड्यांत ठणठणीत. आणि झालीही. फेब्रुवारीच्या मध्यावर ती गोदामात आली तेव्हा अलीमियाँ तिथंच होता. तिनं तुळईवर इकडून तिकडे तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. मग तय्यबला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मिस्त्रीचं लाकूड एकदम फर्स्ट क्लास आहे. लाकडात काही खोट नाही. खोट तिच्यात आहे. जुनी भीती परत आली."

ती वर चढली. चार पावलं गेली आणि त्या जागी येऊन थांबली. उतरली. पुन्हा चढली, पुन्हा थांबली. त्या दिवशी सात वेळा. त्यानं मोजलं.

त्याच आठवड्यात त्यानं तय्यबला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"दुल्हाभाई, तुम्हाला कळतंय का? उद्या म्हणतील जाणूनबुजून केलं. तुम्ही काय, होड्या बांधाल. माझी नोकरी खलास, व्हिसा खलास."

"तिला वाटतंय तिच्यात खोट आहे."

"वाटू दे. बरी झाली ना?"

पुढच्या जुम्म्याला मॅडम लिंबूपाणी घेऊन आली, तेव्हा अलीमियाँ उभा राहिला. "तय्यब, सांग तिला. तेल मी पाजलं होतं. तुमचा पाय चुकला नाही." तय्यबनं त्याच्याकडे बघितलं आणि मग इंग्रजीत बरंच लांबलचक काही बोलला. मॅडम ऐकत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, ती हसली आणि म्हणाली, "थँक यू, मिस्त्री."

अलीमियाँला इंग्रजी येत नव्हतं. पण असं ऐकल्यावर माणूस थँक यू म्हणत नाही, एवढं कळायला इंग्रजी कशाला लागतं? तय्यबनं सांगितलं होतं, मिस्त्री म्हणतोय आम्ही सगळे तुमच्यासाठी दुवा करतो. अलीमियाँ तेव्हा बोलू शकला असता. हातवारे करून, पायाचं घसरणं दाखवून, कसंही. तो खाली बसला आणि लिंबूपाणी प्यायला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. आपण सांगितलं, तिला पोचलं नाही, आता आपला काय दोष, असं त्यानं मनाला समजावलं. मूग गिळून बसायला असा बहाणा पुरतो.

पण मन असं समजतंय थोडंच. तेव्हापासून ते सुरू झालं. भर दुपारी कारखान्यात वीस हातोडे चालू असायचे, आणि त्या गोंगाटात अलीमियाँला ठप, ठप ऐकू यायचं, आणि मग ती सर्रकन घसर. तो हातोडा खाली ठेवायचा. गलबतावर चढायच्या फळीवर त्याला पांढरी पावलं दिसायची. दोनच, एकापुढे एक, शेवटचं फरफटलेलं. बाकीचे त्यावरून ये-जा करायचे आणि पावलं पुसली जायची नाहीत. मग तो फळीवर पाय ठेवायचाच टाळू लागला. ओहोटीच्या चिखलातून गुडघाभर पाण्यात वळसा घालून दोरानं वर चढायचा. हाताला तेलाचा वास यायचा. साबणानं, राखेनं, लिंबानं हात चोळून सालटं निघाली, वास तसाच. भाकरी तोंडाशी नेली की तोच वास. लोक म्हणाले मिस्त्रीला लागीर झालंय. नाखव्यानं एका बुजुर्गांकडून ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला. त्यानं तो गुपचूप बांधून घेतला. काय सांगणार, माझं भूत जुमेराला राहतं आणि मला शुक्रवारी चहा-पाणी करतं?

मार्चच्या सुरुवातीला त्यानं अन्वरीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, तेल, रंधा, भुसा, लिंबूपाणी. मी काय करू, असं विचारलं. तिच्या उत्तराची वाट बघायची असं त्यानं ठरवलं. आगबोट मुंबईला जायची, पत्र बाणकोटला पोचायचं, परत यायचं, महिना सहज. आणि चाचणी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दिवस मोजता येत होते. तो दर जुम्म्याला जात राहिला.

मार्चअखेर मॅडमनं कोचला तार केली, येत नाही. तय्यबच पोस्टात घेऊन गेला होता. त्यानंतरच्या जुम्म्याला, म्हणजे चाचणीच्या आदल्याच दिवशी, अलीमियाँ तिच्या खिडकीला कडी बसवत होता. ती बाजूला उभी राहून समुद्राकडे बघत होती. हातभर अंतर. कडी बसली, तो घरी आला.

शनिवार उजाडला आणि मावळला. मंगळवारी आगबोट लागली आणि अन्वरीचं पत्र आलं. दोन ओळी. 'मला कशाला लिहिता? जिचं आहे तिला सांगा.' पत्र वाचून तो कारखान्यात लाकडाच्या ढिगावर बसला तो अर्धा दिवस बसून राहिला. महिनाभर वाट बघून हेच ऐकायचं होतं, आणि हे तर त्याला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी काम टाकून तो जुमेराला गेला. पिशवीत तेलाचा डबा. साहेबांची बदली लिबियाला झाली होती, बंगल्यात खोकी भरणं चाललं होतं आणि तय्यब हातात यादी घेऊन उभा होता. मॅडम अलीमियाँला गोदामात घेऊन गेली, तुळईवर थोपटून म्हणाली, "खलास, मिस्त्री." तय्यबनं पुढचं सांगितलं. ही तुम्ही घेऊन जा, बसायला बाक करा.

अलीमियाँनं डबा उघडला. तय्यबचा चेहरा उतरला. तुळईच्या एका टोकाला त्यानं तेल ओतलं, चिंधीनं चोळलं, वर तिच्या ताटलीतली पांढरी पूड टाकली आणि आपला तळहात त्यावर दाबून सरकवला. हात वीतभर घसरत गेला. मागे पिवळट लगदा राहिला. तो त्यानं तिच्यापुढे धरला.

मॅडमनं वास घेतला. मग फक्त तय्यबकडे बघितलं.

"बोल," अलीमियाँ म्हणाला. "आणि ह्या खेपेला मी सांगतो तेच बोल. तुम्ही बहारीनला होता तेव्हा मी तेल पाजलं. तुम्ही पडलात ते त्यानं. नंतर मी ते तासून काढलं, कोणाला कळू नये म्हणून. तुमच्यात काही खोट नाही."

तय्यब खाली मान घालून बोलला. ह्या वेळी लांबलचक नव्हतं. मॅडम एका खोक्यावर बसली. तिच्या हातात कसलीशी दोरी होती, ती तिनं बोटाला गुंडाळली, सोडली. मग उठली, चपला काढल्या, कोरड्या टोकाकडे गेली आणि वर चढली. चार पावलं चालून त्या जागी आली. थांबली नाही. मागे झुकली, हातांवर उलटली आणि दोन्ही पाय लाकडावर टेकले. पाऊल तसूभरही हललं नाही. पुन्हा केलं. पुन्हा एकदा केलं. तिसऱ्यांदा करून खाली उतरली तेव्हा ती रडत होती. अलीमियाँ मान खाली घालू पाहत होता, पण ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात काही विचारलं.

तय्यबनं हातातली यादी दुमडली. तिनं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात.

"म्हणते," तय्यब म्हणाला, "कोचची उलट तार आली होती, नकार मागे घ्यायला शनिवार सकाळपर्यंत मुभा आहे, नुसतं कळव, तुझी चाचणी मागाहून घ्यायला लावतो. तू शुक्रवारी इथं होतास. खिडकीपाशी मी तुझ्या शेजारी उभी होते. तेव्हा का नाही सांगितलंस?"

अलीमियाँकडे कारणं होती. तय्यबची नोकरी होती, व्हिसा होता, न येणारी भाषा होती, बायकोचं पत्र होतं. जुमेराच्या वाटेवर सगळी ओळीनं लावून आणली होती. त्यानं तोंड उघडलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तय्यबनं तेवढंच जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मॅडमनं मान हलवली, चपला पायात घातल्या आणि खोकी भरायला आत गेली.